टेपचं दुसरं टोक

न्हाई न्हाई, उभ्यानं न्हाई बोलायचं ताई, आदी बसा. तो स्टूल नका घेऊ, त्याचा एक पाय आखूड हाय — तो दुसरा घ्या. हां. आन् कागद ठेवा तिथं टेबलावर, वाचला मी. वरच्या दोन वळीतच कळालं मला. ‘मी अप्पाराव, परवानाधारक, लिहून देतो की दैवशालाबाई धर्मराज यांच्या प्लॉटचा नकाशा करताना माझ्याकडून मोजमापात चूक झाली’ — असंच ना? आन् खाली माझी सही. पालिकेतल्या सायबानं सांगितलं असंन, अप्पारावकडून एवढं लिहून आना, मंग नकाशा दुरुस्त करू. सायबाचं बराबर हाय, सायबाला कागद लागतो. पन मी कामून लिहून देऊ? चूक झालीच न्हाई तर कामून? सत्तावीस वर्षं मी ह्या परतुरात नकाशे काढून राह्यलो — घराचे, गाळ्याचे, जिनिंगचे, शाळेच्या संडासाचे सुद्धा — मोजमापावरून एक नकाशा कदी वापस आला न्हाई. रंगावरून आला एक बार. पाडायचं बांधकाम पिवळं दाखवायचं असतं आन् नवं बांधायचं ते लाल, तर मी घाईत उलटं केलं आन् एका भल्या मानसाची न बांधलेली माडी पाडायला काढली. अजून हसतेत लोक. हसू द्या. पन मोजमाप? बिलकुल न्हाई.

तुमचं म्हननं काय — प्लॉट तीस बाय चाळीस, आन् माझ्या नकाशात एकोनतीस बाय एकोनचाळीस. मंग फूट गेला कुठं? हेच ना? सांगतो की. तुमचा प्लॉट गुंठेवारीतला, तुमच्या सासऱ्यानं बॉन्डवर घेतलेला. विकनाऱ्यानं कशानं मोजला व्हता तो? टेपनं? अहो, कासऱ्यानं! ती अख्खी वस्ती कासऱ्यानं मोजलेली हाय. कासरा ताणला तर तीस, ढिला सोडला तर एकोनतीसचेच तीस भरतेत. बॉन्डवर तीस लिहिलं म्हंजे जमिनीवर तीस असतं का? गुंठेवारी कायम करायची म्हंजे जागेवर जे हाय तेच दाखवायचं, बॉन्डवरचं न्हाई. मी जागेवर आलो, मोजलं, लिहिलं. तुमीच चहा दिल्ता मला, आठवतं का — अद्रकीचा. पालिकेनं मंजूर केला, शिक्का बसला, तुमी पेढे वाटले. तवा कोनी म्हनलं न्हाई फूट कमी हाय. कोन फूटपट्टी लावून बगतंय? लोक शिक्का बगतेत.

राधेश्यामशेठ वाईट मानूस न्हाई हो. तुमच्या शेजारी त्याला गोडाऊनची भिंत घालायची, त्यानं तुमचा मंजूर नकाशा काढला, एकोनतीस वाचलं, तिकडच्या कोपऱ्यापासून एकोनतीस मोजले आन् फक्की मारली. तो कागदावर चालला. आता ती पांढरी रेघ तुमच्या बोळातून गेली — हे मला ठाव न्हाई असं न्हाई. परवा येऊन गेल्तो मी. तुमी दळन घेऊन गेल्ता. धर्मराज व्हते वसरीत, खुर्चीवर. म्हनले, बगा अप्पाराव, ह्या बोळातूनच ही चाकाची खुर्ची मागं न्हानीला जाती, दुसरी वाट न्हाई. टेप नव्हता सोबत, वितीनंच खुर्ची मोजली मी. सव्वादोन फूट. बोळ आज तीनाचा हाय, सोमवारी शेठची भिंत उठली की दोनाचा राहीन. मंग? मी इचारलं त्यांना, मंग? तर ते म्हनले, मंग दैवशाला मला उचलून नेईन. एवढंच म्हनले. आन् मंग आम्ही दुसरंच बोललो, परतूर टेसनाचं, जुन्या गाड्यांचं, पडायच्या आदी ते मिस्तरीकाम करायचे त्याचं. दीड घंटा बसलो. म्हनलं त्यांना दिवसभर बोलायला कोनी नसंन, बसावं. म्हंजे — त्यांच्यासाठी बसलो मी.

न्हाई, तुमचं खरं हाय. मला दिसतं. पन सही केली म्हंजे काय व्हतं तेबी तुमी बगा ना. मार्चमधी परवाना नवा करायचाय. लिहून दिलं की चूक झाली, तर ते म्हनतीन, ह्या एका फायलीतच झाली का? बाकीच्या काढा. आन् बाकीच्या कशाला काढायच्या, मोजमाप तर बराबर हाय! पन एक बार संशय आला की कोन येतं अप्पारावकडं? तसंबी आता सगळे जालन्याला जातेत, तिथं कम्प्युटरवर काढून कम्प्युटरवरच चढवतेत. माझ्याकडं दिवसाला दोन मानसं येतेत, त्यातला एक पत्ता इचारायला. त्यालाबी मी बसवतो. हसू नका, खरंच बसवतो. हे शटर बंद झालं तर घरी जाऊन मी काय करू? घरी भिंती हायेत. त्या मी मोजलेल्याच हायेत.

काय म्हनलात? दुसऱ्या टोकाला कोन व्हतं? कोन असनार — खिळा व्हता. तुमच्या दाराच्या चौकटीला खिळा हाय ना, तोरन बांधायचा, त्याला कडी अडकवली टेपची आन् मी सरकत गेलो. उलट्या बाजूला एक वीट ठेवली टोकावर. तुमी धरते म्हनला व्हता खरं. मीच न्हाई म्हनलो. टेपचं टोक असं कोनाच्याबी हातात देत न्हाई मी. चोवीस वर्षं हरिओमच्या मायनं धरलं. हरिओम म्हंजे माझा लेक, पुन्याला असतो, कंपनीत. त्याची माय.

तुमाला सांगतो, त्याच्यात कारन व्हतं. मी एकटा पुरुष मानूस कोनाच्या घरी गेलो की लोक वसरीतच उभं करायचे. स्वयंपाकघर मोजायचं तर आतून आवाज, थांबा जरा, आन् मंग अर्धा घंटा. बाईमानूस सोबत असलं की न्हानीपर्यंत दारं उघडतेत. तर ती यायची. पिशवीत टेप, पान्याची बाटली, आन् दोघांच्या भाकरी. आपलं टोक धरून भितीला चिकटून उभी राह्यची आन् हाळी द्यायची — ‘लागला!’ की मंग मी वाचायचो. घरातली बाई तिला तेवढ्यात सगळं सांगून टाकायची — सासू कुठं झोपती, मोठ्या जावेची चूल येगळी करायची का. वापस येताना ती मला सांगायची, तिथं खिडकी दाखवा हो, ती पोरगी दिवसभर अंधारात भाकरी थापती. मी दाखवायचो. मालक इचारायचा, ही खिडकी कुठून आली? मी म्हनायचो, नियमात हाय. नियमात कुठली? तिच्या मनात व्हती.

तो बगा, तो वर खुंटीला लटकलेला, चामड्याच्या डबीतला — तो तिचा टेप. म्हंजे माझाच, पन तिचाच. त्याला कडी न्हाई, दिसलं का? पैला फूटच न्हाई त्याला. घनसावंगीला जिनिंगचं शेड मोजून जीपमधी बसलो, मानसं कोंबलेली, टेपचं टोक दारातून बाहेर लोंबत राह्यलं, ड्रायव्हरनं दार आपटलं, आन् रांजनीच्या अलीकडं बगतो तर फूटभर गायब. मी लई चिडलो. म्हनलं, आता नवा आना. तर ही म्हनती, फुटासाठी शंभर फूट फेकता का? एकाच्या खुनेपासून धरते मी, तुमी एक वजा करा. झालं! तिथून पुढं बावीस वर्षं तिनं एकावर अंगठा ठेवला आन् मी एक वजा केला. टेपवर एकतीस दिसले की माझ्या हातानं तीस उतरायचे, मला इचारायचा बी न्हाई हात. तिच्या अंगठ्यानं तो एकाचा आकडा पुसून गेला, जवळून बगितलं तर दिसतं. दाखवू? राहू द्या. खाली नको काढायला.

पोळ्याला तीन वर्षं व्हतीन. चार दिवस ताप आला, पाचव्या दिवशी जालन्याला नेली, आन् वापस आनली ती तशी. मंग तो टेप मी वापरला न्हाई. हरिओमनं पुन्याहून हा नवा पाठवला, पिवळा, कडी-बिडी शाबूत. आन् एक लेझरचं यंत्रबी पाठवलं, ह्या खणात हाय — बटन दाबलं की भितीवर लाल टिपका पडतो आन् आकडा येतो. फोनवर म्हनला, पप्पा, ह्याला दुसरं मानूस लागतच न्हाई. चांगल्या मनानं म्हनला हो. मी हाव म्हनलो, आन् खणात ठेवून दिलं. एक दिवस वापरलं न्हाई. मानूस लागत न्हाई तर मंग ते काय मोजनं झालं?

हां, तर मुद्द्यावर येतो. तुमाला वाटतं अप्पाराव म्हातारा झाला, मोजताना चुकला. असंच वाटतं ना? बोला मोकळं. बरं, नका बोलू. आपन आत्ताच्या आत्ता निकाल लावू. हा गाळा पालिकेचा. करारात दहा फूट रुंद, आन् जमिनीवरबी दहा — पैल्याच दिवशी आम्ही दोघांनी मोजला व्हता, इंचभर इकडं-तिकडं न्हाई. हा नवा टेप घ्या. ह्यानंच तुमचा प्लॉट मोजला. धरा, ही कडी धरा. आज देतो तुमच्या हातात. त्या भितीला लावा, कॅलेंडरच्या खाली — घट्ट. कंबरेच्या उंचीवर. मी ह्या भितीला येतो. लागला की ‘लागला’ म्हना. म्हना न म्हना, दिसलं मला, लागला. आता बगा हां, म्हातारा चुकतो का. टेप ताणला. अंगठा ठेवला. वाचला — नऊ.

नऊ.

नऊ कसे? करारात दहा हायेत. थांबा, टेपला पोट पडलं असंन. वर घ्या तुमचं टोक जरासं. हां. पुन्हा. नऊ! म्हंजे पालिकेनं मला नऊ फुटाचा गाळा दहा म्हनून दिला का काय? सत्तावीस वर्षं? आन् आम्ही मोजला तवा तर... काय? काय म्हनलात? टेपवर किती दिसून राह्यले? तिकडून कसं दिसंन तुमाला, आकडा माझ्या अंगठ्याखाली हाय. टेपवर दहाच हायेत की. दहा हायेत. दहातून एक वजा —

दहातून एक.

हलू नका ताई. तसंच धरून ठेवा. सोडू नका.

कडी हाय ना तुमच्या हातात? शाबूत हाय ना? पैला फूट हाय ना तिथं, एकपासून बारापर्यंत इंच? मोजा जरा. हायेत. सगळे हायेत. मंग मी कशातून वजा करून राह्यलो? कोनाचा फूट वजा करून राह्यलो मी?

तीन वर्षं. आरं देवा. तुमचाच एकटीचा न्हाई ताई. तुमच्या आदी ते टेसनाकडचं घर, मोंढ्याच्या मागचे दोघे भाऊ, ती मास्तरीन बाई, भोकरदनहून इथं येऊन राह्यलेले ते टेलर — बत्तीस फायली हायेत. तिच्यानंतरच्या बत्तीस. रजिस्टरला तिच्या तारखेला मी एक रेघ मारलीय, म्हनून ठाव हाय. बत्तीस घरांची लांबी फुटानं कमी, रुंदी फुटानं कमी, आन् मी छाती ठोकून सांगून राह्यलो की कासऱ्यानं मोजलेलं हाय, प्लॉटच कमी हाय! त्या टेलरनं तर मला इचारलं व्हतं. त्याचा तर धंदाच मोजायचा. म्हनला, अप्पा, मला जरा कमी वाटतंय. त्याच्यावर ओरडलो मी. म्हनलं, तू कपडे मोज.

तिनं धरलेलं असतं तर झालं नसतं हे. न्हाई — तिनं धरलेलं असतं तर टेप जुनाच राह्यला असता, आन् जुन्याला हेच बराबर व्हतं. चूक कुठंच नव्हती, तिच्या असन्यात. हात तिथंच राह्यला माझा. हात अजून समजून राह्यला की तिकडं ती हाय, एकावर अंगठा ठेवून. मानसाला कळतं हो, मला कळालं व्हतं, मी खांदा दिला, दहावं केलं, सगळं केलं. हाताला कोन सांगनार?

मला लई एकटं वाटतं ताई. हे मी हरिओमला बोललो न्हाई. तो म्हनतो, पुन्याला या. तिथं अकराव्या मजल्यावर खिडकीला जाळी हाय. पुष्पाबाई नाव व्हतं तिचं. चोवीस वर्षं टेप धरला तिनं, आन् मी तिला एक बार नावानं हाक मारली न्हाई — ‘लागला का?’ एवढंच इचारायचो, सगळ्या जिल्ह्यात, घनसावंगीपासून भोकरदनपर्यंत, लागला का, लागला का. तुमी मगाशी ‘लागला’ म्हनला न्हाई, बरं केलं.

न्हाई, अजून नका सोडू. इकडचं टोक मी ह्या डाव्या हातात धरतो, सही मला एका हातानं येती. कुठाय तो कागद? सरकला टेबलावरून... हां. ‘मोजमापात चूक झाली’ — एवढ्यानं भागत न्हाई, सायब म्हनंन कशी झाली ते लिहा. लिहितो. ‘टेप शाबूत असताना, जुन्या सवयीनं, प्रत्येक मापातून एक फूट वजा केला. जागेवर प्लॉट तीस बाय चाळीसच हाय.’ सायब हसंन. हसू द्या. आन् त्याच्या खाली लिहितो की अशाच आनिक एकतीस फायली हायेत, त्यांची यादी मी सोता आनून देतो. मार्चपर्यंत थांबायचं कामच न्हाई. तारीख काय आज? शनवार ना. हां. ही सही. अप्पाराव. जरा वाकडी आली, चालंन.

आता हे घेऊन सरळ राधेश्यामशेठकडं जा, पालिका सोमवारी उघडंन, पन शेठ आज दुकानात हाय. सांगा, अप्पारावनं लिहून दिलंय, सोमवारचं काम थांबवा. कागदावर चालनारा मानूस हाय, कागद बगून थांबंन. न्हाई थांबला तर मला फोन करा, मी जाऊन त्या फक्कीवर उभा राहतो. आन् उद्या सकाळी मी येतो नव्यानं मोजायला. खिळा नको, वीट नको. तुमी धरा. न्हाईतर धर्मराज धरतीन, खुर्चीवरून — पाय गेले, हात तर मिस्तऱ्याचे हायेत की त्यांचे. त्यांना म्हनावं, सपाटून ताणायचा. मंग त्या बाकीच्या एकतीस घरी जायचंय. दारं उघडतीन का न्हाई, ठाव न्हाई. शिव्या देतीन. द्यायलाच पाह्यजेत.

चहा? न्हाई, आज नको. जा तुमी, जल्दी जा, शेठ पाचाला उठतो गादीवरून. तो स्टूल राहू द्या तिथंच. शटर नका ओढू, उघडंच असू द्या. कोनी पत्ता इचारायला येईन.

आन् ते टोक —

सोडा आता. हाताला लागनार न्हाई, मी सावकाश गुंडाळतो. सोडा ताई. मोजून झालं.